माळ्यावरचा याशिका: उघडायचा तर किती, आणि कधी

तुम्ही लिहिलंय ते आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजण्यात काही गल्लत झाली असेल तर कळेल. गणपतीसाठी ठाण्याहून वेंगुर्ल्याला घरी आलात. माळा झाडताना आजोबांच्या स्टुडिओतला याशिका मॅट १२४ जी सापडला, चामडी कव्हरासकट. म्हणजे दोन लेन्सचा फिल्म कॅमेरा: वरच्या लेन्समधून बघायचं, खालच्या लेन्समधून फोटो निघतो. १२५ वर, म्हणजे सेकंदाच्या १२५ व्या भागाच्या वेगावर, शटर टिक करतं, पण १ सेकंदावर लावलं की पाती उघडतात आणि उघडीच राहतात, मग कधीतरी आपोआप मिटतात. खालच्या लेन्सच्या आत पांढरे धागे दिसतात. फोकसचा नॉब जड फिरतो. उजेड मोजणाऱ्या मीटरची सुई जागची हलत नाही. ऑनलाइन मागवलेला स्क्रूड्रायव्हरचा सेट हाताशी आहे, चार-पाच दिवसांची रजा आहे, आणि विचारताय की कुठला स्क्रू आधी काढू.

सध्या एकही काढू नका. घाबरवण्यासाठी म्हणत नाही. हा कॅमेरा घरी, स्वतःच्या हाताने बऱ्यापैकी दुरुस्त होण्यासारखा आहे. पण कॅमेरा उघडणं फारसं अवघड नसतंच, कुठे थांबायचं ते ठरवणं अवघड असतं. आणि ते उघडल्यावर ठरवता येत नाही, आधीच ठरवावं लागतं. मी सिंधुदुर्गातल्या आणि रत्नागिरीकडच्या स्टुडिओवाल्यांचे कॅमेरे दुरुस्त करत आलोय. लग्नाचे फोटो फिल्मवर निघायचे तेव्हापासून. माझ्याकडे कायमचे मेलेले जे कॅमेरे आले, त्यातले बहुतेक बिघाडाने मेले नव्हते, दुरुस्तीने मेले होते.

तुमच्या चार तक्रारी एकाच बिघाडाच्या चार खुणा आहेत असं तुम्ही गृहीत धरलेलं दिसतं. तसं नाही. शटरची तक्रार वाळलेल्या तेलाची आहे, लेन्सची दमट हवेची, नॉबची वाळलेल्या ग्रीसची आणि मीटरची बहुधा फक्त बॅटरीची. चौघांची वाट वेगळी, उघडायची खोली वेगळी. त्यात समाधानाची गोष्ट ही की यातलं काही तुटलेलं दिसत नाही. तुटलेला कॅमेरा १२५ वर स्वच्छ टिक करत नाही. तुमचा कॅमेरा अडलाय. अडलेलं सोडवायला सुटे भाग लागत नाहीत, आणि सुटे भाग आता मिळतही नाहीत. हे मॉडेल १९७० मध्ये आलं आणि १९८६ च्या सुमारास बंद झालं. आता भाग हवा तर दुसरा मेलेला कॅमेरा शोधायचा.

आता गणपतीत का नको, ते सांगतो. भाद्रपदात आपल्याकडे हवेत पाणी किती असतं ते मीठ ठेवलेल्या बरणीला विचारा. लेन्सचे दोन भाग सोडवून तुम्ही ते दोन तास टेबलावर ठेवलेत आणि परत बसवलेत, म्हणजे ती दमट हवा आत कोंडून वर झाकण लावलंत. बुरशी पुसायला गेलात आणि पुढच्या पावसाळ्याचं बियाणं पेरून आलात. दुसरं कारण जास्त गंभीर आहे. शटर साफ करायला जे लायटरचं पेट्रोल लागतं ते क्षणात उडतं आणि क्षणात पेटतं. घरात समई, निरांजन, कापूर, उदबत्ती चालू असताना ती बाटली उघडणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. दिवाळी होऊन जाऊ द्या. कार्तिक-मार्गशीर्षात उत्तरेकडचा कोरडा वारा सुटतो, तेव्हा दुपारी अकरा ते चार या वेळात काम करा. ठाण्याच्या घरात एसी असेल तर मग महिन्याची अट नाही. एसी तासभर आधी लावून खोली कोरडी करून घ्या.

मग या रजेत काय करायचं? निदान. त्याला स्क्रूड्रायव्हर लागत नाही.

मागचं झाकण उघडा. शटर बी वर ठेवा, म्हणजे बटण दाबून धराल तोवर ते उघडं राहील. अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं उजेड आत सोडणारं भोक, पूर्ण उघडं म्हणजे ३.५ वर. क्रँक फिरवून शटर भरा, म्हणजे त्याची स्प्रिंग ताणा, बटण दाबून धरा आणि मागून लेन्समधून उजेडाकडे बघा. पाती पूर्ण बाजूला जातात का, की एखादी अर्धवट डोकावते? बटण सोडल्यावर सगळ्या एकदम मिटतात का? मग पाती मिटलेली असताना समोरून टॉर्च तिरका मारा. त्यांच्यावर इंद्रधनुषी तवंग दिसला तर पात्यांवर तेल आहे. पाकळीच्या शटरची पाती कोरडी ठणठणीत असावी लागतात, त्यांना वंगण नसतंच. नंतर १/५००, १/२५०, १/१२५ असे खाली उतरत १ सेकंदापर्यंत या आणि प्रत्येक वेगाचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करा. या जातीच्या जुन्या शटरमध्ये ५०० चा वेग लावायचा तर शटर भरायच्या आधी लावा, कारण त्याला वेगळी जादा स्प्रिंग लागते. भरल्यावर जोर करून ५०० कडे ओढू नका. आणि सेल्फ टायमरच्या कळीला हातसुद्धा लावू नका. इतकी वर्षं बंद असलेला टायमर एकदा भरला आणि अर्ध्यात अडकला, तर तो सोडवायला शटर खोलावं लागतं. मग आपण आगीतून फुफाट्यात.

आवाज ऐकायचा कशासाठी? १ सेकंदापासून साधारण १/३० पर्यंतचे वेग छोट्या दातेरी चाकांच्या एका गाडीवर चालतात. पाती उघडली की ही चाकं खर्र करत फिरतात आणि तेवढा वेळ मिटण्याला अडवून धरतात. चांगल्या शटरचा १ सेकंद एकसारखा, सलग ऐकू येतो. तुमचा मध्येच थांबत असणार. चाकांवरचं पन्नास वर्षांचं तेल आंब्याच्या चिकासारखं झालेलं असतं आणि चाकांना त्यातून रेटायचं असतं. वेगवान शटरला ही गाडी जवळजवळ लागतच नाही, म्हणून १२५ ठीक वाटतं. रेकॉर्डिंगमध्ये अडखळणं कुठून सुरू होतं ते ऐका. १/१५ बरोबर आणि १/४ पासून अडखळतं, असं असेल तर रोग हलका आहे. ६० सुद्धा लांबत असेल तर पात्यांवरही तेल पोचलंय.

हलक्या रोगावर पहिलं औषध व्यायाम. हसू नका. कोरड्या, उबदार दुपारी शटर वरच्या वेगांपासून खाली आणत बराच वेळ चालवत राहा. उबेने ग्रीस थोडं सैल होतं, चाकं आपली वाट करून घेतात. कैक कॅमेरे एवढ्यावर १/४ पर्यंत येतात. काही दुसऱ्या दिवशी परत अडतात, तेव्हा समजायचं की साफसफाई टळत नाही.

ती करायची तर खालच्या लेन्सचा पुढचा भाग काढावा लागतो. त्याला स्क्रू नाहीत, तो आट्यांवर बसलेला असतो आणि उलटा फिरवला की निघतो. चिमट्याने, पकडीने फिरवायचा नाही. रबराने फिरवायचा. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा एखाद्या बाटलीच्या बुचाला गुंडाळा, बूच मधून कोरून घ्या, म्हणजे ते फक्त कडेच्या धातूला टेकेल, काचेला नाही. हलका, सरळ दाब आणि सावकाश पीळ. हलत नसेल तर कडेच्या आट्यांपाशी काडीने लायटर पेट्रोलचा एक बारीक थेंब सोडा, दहा मिनिटं थांबा, परत प्रयत्न करा. तरीही नाही, तर सोडा. जोर वाढवणं हा उपाय नव्हे.

याशिकात संपूर्ण लेन्स पुढेमागे सरकून फोकस होतो, म्हणून पुढचा भाग काढून परत घट्ट बसवला की फोकस बिघडत नाही. पण हे वाचून कुणी घरातल्या घडीच्या आग्फावर किंवा तसल्या जुन्या कॅमेऱ्यावर हात चालवू नये. त्यांच्यात पुष्कळदा पुढचं भिंग फिरूनच फोकस होतो. ते काढलंत की अनंत अंतराची खूण हरवली. तिथे काढण्यापूर्वी मार्करने किंवा ओरखड्याने खूण केलीच पाहिजे. वरच्या, म्हणजे बघायच्या लेन्सलाही हे लागू. ती खालच्या लेन्सशी जुळवून बसवलेली असते. तिची नळी फिरवलीत तर वर दिसणारा फोकस आणि फिल्मवर पडणारा फोकस यांची फारकत होते. वरच्या लेन्समध्ये बुरशी असली तरी राहू द्या. फोटो खालच्या लेन्समधून निघतो.

पुढचा भाग निघाला की पाती समोर दिसतात. आता लायटरमध्ये भरायचं शुद्ध पेट्रोल. पंपावरचं पेट्रोल नको, त्यात तेलकट अंश आणि बाकीचे मसाले असतात. रॉकेल तर मुळीच नको, ते वाळत नाही. इयरबड किंवा लेन्स टिश्यूची वळकटी त्यात बुडवून झटका, म्हणजे थेंब गळणार नाही, आणि मिटलेल्या पात्यांवर हलकेच फिरवा. शटर चालवा. परत पुसा. परत चालवा. वळकटी पांढरी निघेपर्यंत. पाती बोटाने किंवा काडीने सरकवायची नाहीत, ती कागदापेक्षा पातळ असतात आणि वाकली की संपलं. एक चकवा ध्यानात ठेवा. ओलं असताना शटर झकास चालतं आणि वाळलं की परत अडतं. कारण पेट्रोलने ग्रीस पातळ होऊन पसरतं, निघून जात नाही. म्हणून वाळल्यावर पारखायचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पारखायचं.

स्लो स्पीडच्या चाकांपर्यंत मात्र या वाटेने नीट पोचता येत नाही. काही जण शटरच्या कडेच्या फटीतून पेट्रोल ओततात. चालतं कधीकधी, पण चाकांवरचं ग्रीस विरघळून पात्यांवर उतरतं आणि आधी फक्त १ सेकंद अडत होता तो कॅमेरा १२५ वरही अडायला लागतो. नीट करायचं तर पुढचं आख्खं पॅनल उतरवून, शटरचं तोंड उघडून, गाडी साफ करून, घड्याळाच्या तेलाचा सुईच्या टोकाएवढा अंश ठेवायचा असतो. पहिल्यांदा करणाऱ्याला मी ते करू देणार नाही. आणि गरजही नाही. १ सेकंद, अर्धा सेकंद तुम्ही वर्षातून किती वेळा वापरणार? लागलाच तर कॅमेरा तिकाटण्यावर ठेवा, केबल रिलीज, म्हणजे लांबून बटण दाबायची तार, लावा, बी वर उघडा, मनात मोजा आणि सोडा. १/१५ ते १/५०० बरोबर चालत असतील तर तुमचा कॅमेरा चालू आहे, असंच समजा.

तेलाबद्दल एक वेगळा परिच्छेद लिहितो, कारण आपल्याकडे काही अडलं की तेल सोडायची सवय आहे. शिलाई मशीनचं तेल, खोबरेल, स्प्रेच्या डब्यातलं गंज काढायचं तेल, यातलं काहीही, कुठेही नको. कॅमेऱ्यात तेल घालायच्या जागा मोजक्या, आणि त्या ठाऊक नसतील तर शून्य. सांडलेलं तेल उबेने सरकत सरकत पात्यांवर आणि भिंगांवर जातं. माझ्याकडे असा कॅमेरा आला की आधी ‘तेल कुणी घातलं?’ विचारतो, आणि समोरचा माणूस दारातून बाहेर बघायला लागतो.

आता बुरशी. पुढचा भाग हातात आला की तो टॉर्चसमोर तिरका धरून बघा, धागे नक्की कुठल्या पृष्ठावर आहेत ते. तुमच्या लेन्समध्ये चार भिंगं तीन गटांत आहेत. मागच्या गटातली दोन एकमेकांना चिकटवलेली असतात. पुढच्या भागाच्या आतल्या बाजूला किंवा मागच्या गटाच्या शटरकडच्या बाजूला धागे असतील तर तुमच्या हाताला लागतात. मागच्या गटाची फिल्मकडची बाजू मागचं झाकण उघडून पुसता येते. चिकटवलेल्या दोन भिंगांच्या मधे असतील तर विषय संपला, त्याला घरी इलाज नाही. कडेने इंद्रधनुष्यासारखे पट्टे दिसले तर ती बुरशी नव्हे, चिकटवण सुटतेय. मधोमध नुसता धुरकटपणा असेल तर तो ग्रीसच्या वाफेचा थर, तो सहज पुसला जातो.

पुसायला मेडिकलमध्ये मिळतं ते हायड्रोजन पेरॉक्साइड, तितकंच डिस्टिल्ड वॉटर घालून. टिश्यू ओलसर करून मधून कडेकडे गोल फिरवा, दाबू नका, दर वेळी टिश्यूची नवी बाजू. पाच मिनिटांनी डिस्टिल्ड वॉटरने, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने. मागचा, चिकटवलेला गट कशातही बुडवायचा नाही, नुसता पृष्ठावरून पुसायचा, नाहीतर द्रव कडेने चिकटवणीत शिरतो. धागे निघाल्यावर त्यांच्याच आकाराचा फिकट ठसा राहिला, तर बुरशीने काचेवरचा मुलामा खाल्लाय. तो परत येत नाही. पण निराश होऊ नका. सूर्य समोर असताना फोटो थोडा फिका येईल, एरवी फरक शोधावा लागेल. घासून घासून ठसा काढायचा प्रयत्न केलात तर जे नुकसान बुरशीने केलं नव्हतं ते तुम्ही कराल.

आणि हो, ‘लेन्स दोन दिवस उन्हात ठेव, बुरशी मरते’ हा सल्ला तुम्हाला शेजारी नक्की देतील. धागे आहेत तिथेच राहतात. तापल्यावर ग्रीस पातळ होऊन पात्यांवर येतं आणि जुनी चिकटवण सुटायचा धोका वाढतो. ऊन पापडांना द्या.

फोकसचा नॉब. इथे माझं मत ठाम आहे: घरी उघडू नका. नॉब फिरवला की पुढचं पॅनल, दोन्ही लेन्ससकट, सरळ पुढेमागे सरकतं. ते फिल्मला अगदी समांतर असावं लागतं. पॅनल सोडवून परत बसवताना केसभर तिरकं बसलं की फोटोची एक बाजू धारदार आणि दुसरी मऊ येते, आणि हे तुम्हाला फिल्म धुऊन आल्यावर कळतं. नॉब जड फिरतोय ना? फिरतोय तर खरा. उबेत रोज थोडा पुढेमागे करा, बराच सुटेल. अजिबातच हलत नसेल, किंवा हलताना मधेच खट्ट करत असेल, तर कारागिराकडे. मुंबईत फोर्टात बोरा बाजाराच्या परिसरात जुन्या कॅमेऱ्यांची दुकानं आहेत, ठाण्याहून ते तुम्हाला अवघड नाही. तिथे गेलात तर ‘सगळी सर्व्हिसिंग करून द्या’ म्हणू नका. ‘फोकस जड आहे, स्लो स्पीड अडतात, बाकी हात लावू नका’ असं सांगा आणि त्यांच्यासमोर लेन्सचा, आरशाचा फोटो काढून ठेवा.

मीटर. या कॅमेऱ्यात वरचा हुड, म्हणजे बघायच्या काचेवरचं घडीचं झाकण, उघडला की मीटर चालू होतो, वेगळं बटण नाही. मूळ बॅटरी १.३५ व्होल्टची पाऱ्याची, ६२५ नंबरची. ती आता बनत नाही. बॅटरीचं झाकण नाण्याने उघडा. जुनी बॅटरी आतच फुटलेली असेल तर हातमोजे घाला, ती कचऱ्यात टाकू नका, पोरांच्या हाती तर नाहीच. आत पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल तर इयरबडवर पांढरं व्हिनेगर घेऊन पुसा, मग पाण्याने ओलसर, मग कोरडं. व्हिनेगर नाही म्हणून कोकमाचं आगळ वापरू नका, त्यात मीठ असतं. नवी बॅटरी म्हणून कानाच्या मशीनची ६७५ नंबरची घ्या, ती १.४ व्होल्टची असते, म्हणजे पाऱ्याच्या जवळची. आकाराने लहान असल्याने भोवती रबराची रिंग लागते. स्टिकर काढल्यावर ती हवेने चालू होते आणि वापरा न वापरा, थोड्या आठवड्यांत संपते. १.५ व्होल्टची अल्कलाइन बसते खरी, पण सुई खोटं बोलते. तरीही सुई हलली नाही तर मीटर विसरा. त्याच्यावाचून फोटो निघतो. १०० स्पीडची फिल्म, लख्ख ऊन, तर १/१२५ ला एफ १६. किनाऱ्यावर वाळू आणि पाणी उजेड परत फेकतात, तिथे एफ २२.

स्क्रूंचं आता सांगतो, कारण हुड काढायची वेळ आली तर लागेल. जपानी कॅमेऱ्यातले अधिकच्या चिन्हासारख्या खाचेचे स्क्रू जपानी मापाचे असतात. दिसायला ते नेहमीच्या फिलिप्ससारखे, पण फिलिप्सचं टोक त्यात पुरतं बसत नाही, जोर दिला की वर उसळतं आणि डोकं गोल करून ठेवतं. तुमच्या सेटवर जेआयएस, म्हणजे हे जपानी माप, लिहिलंय का बघा. नसेल तर घड्याळजीकडे मिळतात तसली बारीक चपटी टोकं बऱ्याचदा जास्त कामी येतात. किनाऱ्यालगतच्या गावातल्या कॅमेऱ्यात खारी हवा शिरून स्क्रू बसलेले असतात. त्यांना फिरवण्याआधी आत दाबायचं, जोराचा सत्तर टक्के भाग दाबण्यात आणि तीस टक्के पिळण्यात. कारखान्यात डोक्यावर लाख किंवा रंग लावलेला असेल तर काडीने अ‍ॅसिटोनचा थेंब, पण प्लॅस्टिकवर आणि चामड्यावर नको.

हुड काढण्याची गरज तशी क्वचित. खालचा आरसा काळवंडलाय म्हणून लोक काढतात. हा आरसा घरातल्या आरशासारखा नसतो, चांदी काचेच्या वरच्या अंगाला असते, रुमाल फिरवलात की चांदी रुमालावर. फुंकणीने धूळ उडवा आणि थांबा. आरसा फक्त बघण्यासाठी आहे, फोटोत येत नाही. वर बघताना अंधार वाटला तर भर दुपारी फोटो काढा!

झाकणाच्या कडेचा फोम मात्र नक्की बदलावा लागेल. त्याचं काळं डांबर झालेलं असतं. माडाच्या हिराचं टोक चपटं करून खरवडा, उरलेला चिकटपणा अल्कोहोलने. त्या जागी बारीक काळी लोकर किंवा चिकट पाठीची काळी मखमल. खरवडताना कॅमेरा उलटा धरा, म्हणजे चुरा आत न पडता खाली पडेल.

काम करताना पंखा बंद. घाम येईल, कपाळाला पंचा बांधा. काठ असलेल्या थाळीत पांढरं कापड, प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो, आणि काढलेला प्रत्येक स्क्रू कागदावर दुतर्फी चिकटपट्टी लावून, जिथून काढला त्या जागेचं नाव लिहून. दिसायला सारखे स्क्रू लांबीला वेगळे असतात. आखूड जागी लांब स्क्रू गेला तर तो आतल्या भागाला जाऊन भिडतो.

सगळं बसवून झालं की फिल्म घालण्याआधी फोकस तपासा. मागचं झाकण उघडं, शटर बी वर, अ‍ॅपर्चर ३.५. फिल्म जिथे टेकते त्या आतल्या पट्ट्यांवर बटर पेपर ताणून बसवा. मग दूरची, ठसठशीत कडांची वस्तू गाठा. मालवणच्या बंदरावर असाल तर सिंधुदुर्ग किल्ल्याचा तट, नाहीतर खाडीपलीकडचा मोबाइलचा टॉवर. नॉब अनंतावर. बटर पेपरवर भिंगातून बघितलं की टॉवरच्या कडा धारदार दिसल्या पाहिजेत आणि वर ग्राउंड ग्लासवरही, म्हणजे हुडाखालच्या बघायच्या दुधी काचेवरही, त्याच वेळी तशाच. दोन्ही जुळले की झालं. खाली धारदार आणि वर मऊ असेल तर वरची लेन्स कुणीतरी आधी हलवलेली आहे. तुमच्या आधीही हा कॅमेरा कुणी उघडला असू शकतो. स्क्रूंची डोकी बघा, खरचटलेली दिसली तर ओळखा.

वेगांची तपासणी मोबाइलच्या स्लो मोशनने होते. सेकंदाला २४० फ्रेम घेणारा फोन असेल तर १/६० साठी पाती साधारण चार फ्रेम उघडी दिसतील, १/१५ साठी सोळा. एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा; अर्ध्या स्टॉपचा फरक निगेटिव्ह फिल्म सहज पोटात घालते. पहिला रोल ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्हचाच घ्या. १२० च्या रोलवर १२ फोटो येतात. प्रत्येक फोटोचा वेग आणि अ‍ॅपर्चर वहीत लिहा, नाहीतर धुऊन आल्यावर काय बिघडलंय ते कळणार नाही.

एक चूक मात्र आजच सुधारा. त्या चामडी कव्हरातून कॅमेरा बाहेर काढा आणि परत त्यात ठेवू नका. चामडं ओल धरून ठेवतं, बुरशीचं माहेर तेच. रबरी कडेचा हवाबंद डबा घ्या, स्वयंपाकघरातला चालेल, त्यात रंग बदलणारी सिलिका जेल आणि छोटा आर्द्रता मीटर ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मधे असू द्या. जेलचा रंग बदलला की मंद आचेवर तव्यात परतून घ्या. तांदळात पुरू नका, त्याचं पीठ आत जातं. डांबराच्या गोळ्याही नकोत, त्यांची वाफ काचेवर बसते. कॅमेरा डब्यात ठेवताना शटर भरलेलं ठेवू नका.

हे सगळं मी तुमच्या वर्णनावरून लिहितोय, कॅमेरा हातात नाही. काही गोष्टींनी उत्तर बदलेल. कॅमेरा कधी समुद्राच्या पाण्यात पडला असेल आणि तसाच वाळला असेल, तर आतली पितळी चाकं हिरवी पडलेली असतात, मग घरचं काहीच करू नका. माळ्यावर त्याच्याबरोबर नंतरच्या काळातला, फ्लॅश अंगातच असलेला छोटा कॅमेरा सापडला असेल तर तोही उघडू नका. त्याच्या फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास दाब साठतो, बॅटरी काढली तरी राहतो, आणि चांगला हिसका बसतो.

तर या रजेत एवढंच करा. १ सेकंद, १/८, १/३० आणि १/१२५ या चार वेगांचं रेकॉर्डिंग, शांत खोलीत, आरती संपल्यावर. मागचं झाकण उघडून, बी वर, टॉर्च मागून मारून खालच्या लेन्सचा एक फोटो. पाती मिटलेली असताना समोरून तिरक्या उजेडात दुसरा. आणि हुडाच्या चारी कोपऱ्यांतल्या स्क्रूंच्या डोक्यांचा जवळून एक. हे पाठवलंत की पुढचा भाग काढायचा की नाही ते सांगतो.